देवानंद मेश्रामांच्या डोळ्यांचा फोटो

लखनौच्या सरकारी नेत्रविभागात १९८१ साली डोळ्याच्या आतला फोटो काढणारा कॅमेरा आला, तेव्हा तो चालवायला देवानंद मेश्रामांना नेमलं. भंडाऱ्याचा हा माणूस आधी एक्स-रेच्या डार्करूममध्ये होता. तिथल्या मिट्ट काळोखात बाकीचे चाचपडायचे आणि देवानंद नुसत्या बोटांनी फिल्म रिळावर चढवायचे. हा आपल्या हाताचा गुण, असं त्यांचं ठाम मत होतं.

डार्करूमबाहेर मात्र दिवेलागण झाली की ते जिन्याची शेवटची पायरी चुकायचे. एकदा अमीनाबादच्या बाजारात ते स्टीलच्या पातेल्यांच्या उतरंडीत शिरले आणि सावरताना एका गाईला "माफ करना, बहनजी" म्हणाले. संध्याकाळी बाहेर पडलं की सुभद्रा त्यांची बाही धरून चालायची. शेजारी म्हणायचे, मेश्रामजींचं बायकोवर किती प्रेम! देवानंद ते नाकारत नसत. आपण विचारी आहोत, म्हणून रस्त्यात लक्ष नसतं, असं ते सगळ्यांना सांगत. स्वतःलाही.

विभागातल्या डॉक्टर रिझवींनी तेव्हा पिढीजात रातांधळेपणा असलेल्या घरांची नोंद सुरू केली होती. घरातल्या प्रत्येकाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचे फोटो घ्यायचे आणि ते शेजारी ठेवून पाहायचे. एका सकाळी चिनहटहून एक कुंभार आपल्या भावाला घेऊन आला. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून देवानंदांनी कुंभाराची हनुवटी कॅमेऱ्यापुढे टेकवली आणि ठरलेला प्रश्न विचारला, "शाम को ठोकर लगती है?"

"लगती है साहब. सिनेमा हॉल में कुर्सी नहीं मिलती, किसी की गोद में बैठ जाता हूँ."

"वो तो सबके साथ होता है," देवानंद म्हणाले.

"सबके साथ कहाँ साहब! हमारी घरवाली को तो आसमान भर तारे दिखते हैं."

देवानंदांचा हात बटणावरच राहिला. तारे दोन-चारच असतात, बाकीचे कवींनी वाढवून सांगितलेले, अशी त्यांची बेचाळीस वर्षांची समजूत होती. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला, मायाला, गच्चीवर नेऊन विचारलं, "किती तारे आहेत गं?"

"पापा, गिने थोड़े ही जाते हैं!" माया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देवानंद आपणहून रुग्णाच्या स्टुलावर बसले. डॉक्टर रिझवींना कॅमेऱ्याचा सराव नव्हता. देवानंद हनुवटी टेकवूनच त्यांना सूचना करत राहिले, "मॅडम, थोड़ा बाएँ. फ्लैश अभी नहीं."

"मेश्रामजी, आप मरीज़ हैं. चुप बैठिए," डॉक्टर म्हणाल्या.

फिल्म देवानंदांनी स्वतःच धुतली. ओली पट्टी उजेडात धरल्यावर आधी फोकस ढिला दिसला आणि त्यांना रागच आला. मग पडद्याच्या कडेला कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले डाग दिसले. रक्तवाहिन्या धाग्याएवढ्या बारीक झालेल्या. असे डाग त्यांनी वर्षभरात शंभर जणांचे टिपले होते, आणि त्या शंभर जणांना ठोकर लागते का, हे विचारणारा माणूस रोज घरी जाताना ठोकर खात होता. त्यांना हसू आलं. हसता हसता ते खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

यावर औषध नाही, हे डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. त्यांनी वेगळंच विचारलं, "भाई-बहन?"

भंडाऱ्याला थोरली द्रौपदीताई होती. लहानपणी तिने तिन्हीसांजेला उंबऱ्याला ठेचकाळून भरलेली घागर फोडली होती. बापाने तिला झोडपलं होतं आणि देवानंद टाळ्या पिटत "आंधळी! आंधळी!" म्हणून नाचले होते. त्यांनी पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी ताई आली. कॅमेऱ्यापुढे बसल्यावर तिने पदर सारखा केला. "का रे देवा, हसू का?"

"हसू नको. डोळा उघडा ठेव फक्त."

फोटो तसेच निघाले. मायाचे मात्र स्वच्छ. तुमचे आईबाप आते-मामेभावंडं होते, दोघांकडून हा दोष मिळाला तेव्हाच तो तुम्हा भावंडांत उतरला, मुलीला तो एकाच बाजूने मिळालाय, तिला बहुधा होणार नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. देवानंदांनी ताईपुढे दोन्ही फोटो ठेवले.

"हा तुझा, हा माझा. ताई, घागर तू नाही फोडलीस."

ताईने दोन्ही फोटो हातात घेतले. "आणि मार?"

"मार तू खाल्लास. नाचलो मी. चुकलं माझं."

"चुकलंच," ताई म्हणाली. "पण माह्या फोटोत डाग जास्त हायेत. थोरली मी हाये."

देवानंदांना ते कबूल करावं लागलं. पुढं आठ वर्षं त्यांनी तो कॅमेरा चालवला, कारण समोरचं नीट दिसत होतं, कडा तेवढ्या मिटत चालल्या होत्या. संध्याकाळी सुभद्रा बाही धरायची, तेव्हा शेजाऱ्यांना ते आता खरं कारण सांगत. पण शेजाऱ्यांना प्रेमाची गोष्टच जास्त आवडली होती, म्हणून ते विश्वास ठेवत नसत.