ओटीतून ओटीत

मित्रांनो, शेवया करायची एक जुनी मशीन म्हणजे मी. संग्रामपूरच्या एका गल्लीत खाटेच्या कडेला मला घट्ट बसवलेलं असतं. अंग बिडाचं, दांडा लोखंडी, जाळ्या पितळी. यंदा जे घडलं त्याचा धक्का या बिडाला अजून सोसलेला नाही. म्हणून सांगते.

मी ओतशाळेतून खामगावच्या बाजारात आले. तिथून शालूबाईंनी मला घरी आणलं, स्वतःच्या कमाईतून. त्यांचे यजमान उत्तमराव भाजीपाला पिकवायचे. मला पाहून ते हसले होते, "एवढं लोखंड कायले आनलं वं?"

"तुमच्या वांग्यापेक्षा जास्त टिकते ते," शालूबाई म्हणाल्या.

फाल्गुन लागला की बाया पिठाचे डबे घेऊन दारात बसत. लग्नघरी कौतुक होई, शालूची शेवई केसासारखी बारीक म्हणून. मी एकटीच्या हाताने चालत नाही. एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने खाली येणारी शेवई काठीवर झेलायची. दांडा फिरवायची शेजारची पुष्पांजली. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला. उन्हाळ्यात माझ्यावर जे मिळे, त्यावर तिचं वर्ष निघे. झेलायच्या शालूबाई.

पौषातल्या एका सकाळी शालूबाई माझ्या जाळ्यांना तेल लावत होत्या. "पुष्पे, चहा ठेव," म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या. चहा झाला. पुष्पांजली कप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. तेलाचं फडकं शालूबाईंच्या मुठीत होतं. त्या गेल्या होत्या. आजार नाही, निरोप नाही, काही नाही.

नवऱ्याआधी गेल्या म्हणून तेराव्या दिवशी, तेरवीला, सवाष्ण जेवू घातली. समोरच्या किराणावाल्याची बायको वंदना पानावर बसली. पुष्पांजली विधवा, म्हणून ती मागच्या अंगणात भांड्यांशी. उत्तमरावांच्या मोठ्या बहीण कौशल्याबाई म्हणाल्या, "उत्तम, ओटीत शालूच्या हातची एखादी चीज दे."

उत्तमरावांना त्या दिवशी काहीच सुचत नव्हतं. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी बोट केलं. बस्स. मला हळदीकुंकू लागलं आणि मी वंदनाच्या घरी पलंगाखाली जाऊन बसले. ज्या हातांनी मला इतकी वर्षं फिरवलं, ते मागे भांडी घासत होते. त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही.

शालूबाईंनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं, त्यात व्यवस्थापक म्हणून उत्तमरावांचं नाव होतं. हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांना वाटलं, ते माहेरच्या शेताचं असेल. शेतीची नोंद करायला वेळ आहे म्हणून त्यांनी ते उघडलंच नाही. फाल्गुनाच्या तोंडावर ते मृत्युपत्र घेऊन बुलढाण्याला वकिलाकडे गेले. परतीच्या बसमधून उतरले ते घरी गेले नाहीत, थेट वंदनाच्या दारात आले. चेहरा पांढराफटक.

"वंदना, घात झाला. ते मशीन माई नोती द्याले. शालूनं पुष्पाच्या नावानं ठेवली व्हती."

पलंगाखाली मी हादरले.

वकिलाने सांगितलेलं ते बोलत राहिले. व्यवस्थापक म्हणजे मालक नव्हे, राखणदार. गेलेल्या माणसाचं काय काय आहे ते आधी गोळा करायचं, त्याची देणी फेडायची, मग ज्याच्या नावाने जे ठेवलं ते त्याच्या हाती द्यायचं. त्याला मरणापासून वर्षाची मुदत. त्याआधी कोणी हट्टाने मागू शकत नाही.

मागोमाग आलेल्या कौशल्याबाईंनी तेवढंच धरलं. "मंग वर्ष हाये ना! काऊन धावून राह्यला?"

"अक्का, शेवया काय श्रावणाच्या पान्यात वायतात? कायद्याचं साल बारा महिन्याचं. या मशीनचं साल दोन महिन्याचं. हे दोन महिने गेले तं पोरगी काय खाईन?"

वंदना लोभी नव्हती. ती घाबरली होती. "ओटीतलं परत मांगता भाऊ? माया कुकवाले काही झालं तं? ओटीतलं मांगं जात नाही. गेलं तं दुसऱ्या ओटीतच जाते."

"मंग पुष्पाच्या ओटीत टाक."



"विधवेची ओटी?" कौशल्याबाई ओरडल्या. "डोकं ठिकाणावर हाये का बे तुयं?"

"मी कोन हाओ मंग, अक्का? माई बायको गेली. तेरवीले पयल्या पानावर मलेच बसवलं तुमी. मले कोनं उठवलं?"

वंदनाने मला पलंगाखालून ओढून बाहेर काढलं. मग तिनेच हाक मारली, "पुष्पे, इकडे ये वं."

पुष्पांजली आली ती दारातच थिजली. वंदनाने तांदूळ घेतले, नारळ घेतला. मी जड, पदर फाटला असता. म्हणून पुष्पांजलीने पदराचं टोक माझ्या दांड्यावर ठेवलं. ती रडली नाही. "मले?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

मित्रांनो, जाळीत पीठ वाळू दिलं तर मी मुकी होते, एवढी माझी काळजी घ्या. आणि कोणी माणूस काही लिहून ठेवून गेला असेल, तर दुःख कितीही मोठं असो, आधी ते वाचा. मुदत असली तरी ज्याचं त्याला वेळेत द्या. गेलेल्या माणसाला तुम्हांला आठवण करून देता येत नाही.

आता चैत्र आहे. पुष्पांजली दांडा फिरवते. झेलायला शालूबाईंच्या जागी उत्तमराव बसतात. त्यांना जमत नाही, शेवई तुटते. ते तुकडे उचलतात आणि म्हणतात, "फिरव पोरी."