पावाच्या बुडावरची टकटक

गोबनेटनं झाकणावरचे निखारे चिमट्यानं सारले आणि लोखंडी भांड्यातला पाव फडक्यावर उपडा केला. थोड्या वेळात पाद्री येणार होते. यंदा वस्तीची प्रार्थना तिच्या घरी होती, आणि मागून सगळ्यांची न्याहारी.

बुडावर बोटानं टकटक केली की पोकळ आवाज यायला हवा, तरच पाव आत भाजलेला. माणसांचं बोलणं तिला ऐकू यायचं, पण ही टकटक हिवाळ्यापासून येईनाशी झाली होती. गेल्या रविवारी पाव आत कच्चा निघाला, तेव्हा तिनं खापर ओल्या सरपणावर फोडलं. खरं कळलं तर चूल सुनेकडे जाईल आणि आपण कोपऱ्यातल्या खुर्चीत, हेच तिच्या मनाला खात होतं.

शेजारीण पेग कप मांडत होती. "मागच्यासारखा गिचगिचीत नको हं, गोबनेट. पाद्रीबाबांची कवळी अडकून बसेल."

गोबनेटनं टकटक केली. काहीच नाही. पुन्हा केली.

सून डेलिया ताकाचं भांडं ठेवून आली. "द्या आई, हात भाजतील." तिनं पाव घेतला, पेगकडे पाठ केली, बुडावर बोट वाजवलं आणि सासूकडे बघत हळूच मान हलवली. नाही.

"अजून कच्चा आहे," गोबनेट ठसक्यात म्हणाली. "पावाला घाई चालत नाही."

पाव परत भांड्यात गेला, झाकणावर ताजे निखारे चढले. दुसऱ्या खेपेला डेलियानं होकारार्थी मान हलवली.

"झाला," गोबनेट म्हणाली.

न्याहारीला पेगनं दोनदा पाव मागून घेतला. "ओल्या सरपणावरही जमलं की."

"जमतं," गोबनेट म्हणाली.

सगळे गेल्यावर तिनं कप विसळता विसळता विचारलं, "कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"नाताळपासून. टकटक करून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघता."

"टायगला बोललीस?"

"त्याला कशाला? तुमच्या लेकाला पावावर लोणी दिसलं की झालं."

दुसऱ्या सकाळी गोबनेटनं पिठात ताक ओतलं, गोळा थापला आणि सुरी सुनेपुढे केली. "गोळ्यावरचा क्रूस तू काप. खोल जाऊ दे, नाहीतर मधे कच्चा राहतो. आणि वाजवायचा तूच."

"आणि पीठ?"

"पिठाला हात लावायचा नाही. तू ते तिंबत बसतेस, मग दगड होतो त्याचा."

डेलिया हसली आणि सुरी कोरड्या पिठात बुडवली.