साध्या पाण्यातल्या अळ्या

दीक्षानं सुईचं टोक अळीच्या शेपटीला लावलं. अळी हलली नाही. तिनं पुन्हा लावलं, या खेपेला जरा दटावून, आणि मग सुई बाजूला ठेवून वहीत मेलेल्यांची आठवी रेघ ओढली.

या बीकरमध्ये तिनं काहीही घातलेलं नव्हतं. नुसतं साधं पाणी आणि त्यात डेंग्यूच्या डासाच्या पंचवीस अळ्या. शेजारच्या पाच बीकरांत सीताफळाच्या बियांचा अर्क होता, कुठं कमी, कुठं जास्त. तिथं अळ्या मेल्या की आनंदच. पण साध्या पाण्यातल्या अळ्यांनी जगायलाच हवं होतं. त्या जगल्या तरच बाकीच्या अर्कानं मेल्या असं छातीठोकपणे सांगता येतं. पंचवीसातल्या पाचाहून जास्त गेल्या, की त्या दिवसाचा सगळा प्रयोग रद्द. जुलैपासून असे अकरा प्रयोग रद्द झाले होते, आजचा बारावा, आणि डिसेंबरात दीक्षाची शिष्यवृत्ती संपत होती. त्याआधी ही बारीकशी जनता जगायला तयार झाली नाही, तर तीन वर्षांचं काम बुडणार होतं.

आठाच्या जागी तीन लिहिले असते तर कुणाला कळलं असतं? अळ्या काही साक्ष द्यायला येत नाहीत. हा विचार दीक्षाच्या मनात येऊन गेला, हे सांगून टाकलेलं बरं. हिंगण्याच्या कारखान्यात तीन पाळ्यांत राबलेल्या बापाची ती मुलगी. विचार तिच्याकडून झाला, लिहिणं काही झालं नाही.

"पाणी बदललं होतं?" तिच्या मार्गदर्शक अरुंधती मॅडमनी वहीत डोकावत विचारलं.

"बदललं, मॅडम. अळ्यांचं खाणंही बदललं. खोलीसुद्धा बदलून पाहिली."

"मग उरलं काय?"

दीक्षाची नजर कोपऱ्यातल्या सिंककडे गेली. तिथं तुळसाबाई पाठमोरी उभी राहून काचेची भांडी धूत होती.

तुळसाबाई या विभागातली अटेंडंट. अठ्ठावीस वर्षं तिनं इथली भांडी धुतली, आणि तिच्या हातच्या बीकरमध्ये चेहरा पाहून भांग पाडावा असं विद्यार्थी म्हणत. दोन वर्षांपूर्वी तिचा नातू प्रशिक डेंग्यूनं गेला. अकरा वर्षांचं पोर, सहा दिवसांत संपलं. तेव्हापासून ती अळ्यांच्या ट्रेच्या वाटेला जात नसे. त्या बाजूची फरशी पुसायची असली तरी तोंड फिरवून पुसायची. मात्र दीक्षाच्या कामाची भांडी तिनं दुसऱ्या कुणाला धुवू दिली नाहीत. या पोरीची दवाई निघालीच पाहिजे, हे ती सक्करदऱ्याच्या आपल्या गल्लीतही सगळ्यांना सांगून बसली होती.

"उद्या नवे कागदी कप आण," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "अर्क नको. सहा कपांत नुसतं पाणी, सहा बीकरांतही नुसतं पाणी. बघू."

बघितलं. दुसऱ्या दिवशी कागदी कपांतल्या अळ्या एकूण एक जिवंत होत्या. सावली पडली की सगळ्या मिळून तळाशी पळत, आणि जरा वेळानं पुन्हा वर येऊन शेपटीकडच्या नळीनं हवा घेत उलट्या लटकत. तुळसाबाईच्या चकचकीत बीकरांत मात्र कुठं सात मेल्या होत्या, कुठं नऊ.

दीक्षा तडक सिंकपाशी गेली. तिला राग आला होता, आणि तुळसाबाईवर रागवावं लागतंय याचा आणखी राग आला होता.

"मावशी, बीकरले साबण लावून राहिल्या का तुम्ही?"

"साबण?" तुळसाबाईनं ओले हात पदराला पुसले. "नाही वं बाई. तूच त म्हणली होती जुलैत, साबण नोका लावू, साबणानं अळ्या मरतात. तवापासून एक थेंब नाही लावला."

हे खरंच होतं. दीक्षानंच बजावलं होतं, तेही दोनदा.

"मग धुता कशानं?"

तुळसाबाईच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान आला. तिनं सिंकखालून एक डबा काढून झाकण उघडलं. आत सुरकुतलेले, मधाच्या रंगाचे रिठे होते. बाजूच्या भांड्यात काही रात्रभर भिजवून ठेवलेले होते, आणि पाण्यावर फेस धरला होता.

"घरून आणतो मी. माह्या लेकीचा लग्नाचा शालू बी यानंच धुतो. आखरीच्या पाण्यात रिठ्याचं पाणी टाकतो, त्यात बीकर बुडवतो आन् तसाच उपडा घालतो. कपड्यानं पुसत नाही, रेशे लागतात ना. पाह्य कशी चमक येते."

दीक्षा जवळच्या स्टुलावर बसली. तिला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती नुसती डब्यात पाहत राहिली. मग तिनं चमचाभर रिठ्याचं पाणी घेतलं आणि पंधरा-वीस अळ्या असलेल्या एका वाटीत ओतलं.

अळ्या आधी नेहमीसारख्या खाली गेल्या. हवेसाठी वर आल्या, पण वर त्यांना लटकता येईना. पाण्याचा जो ताणलेला पापुद्रा त्यांचं वजन पेलायचा, तो फेसानं ढिला केला होता. नळी टेकवायच्या, घसरायच्या, पुन्हा धडपडत वर यायच्या. अरुंधती मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. दुपारपर्यंत दोघी आलटून पालटून वाटीपाशी येऊन गेल्या; तुळसाबाई लांबूनच पाहत होती. शेवटी वाटीत काहीच हलेनासं झालं.

"रिठ्यावर आधीच छापून आलंय," मॅडम म्हणाल्या. "नवीन काही नाही यात." एवढं बोलूनही त्या वाटीजवळून हलल्या नाहीत.

नवीन नसेल. पण दीक्षाच्या अंगावर काटा आला होता, आणि तो खोटा नव्हता. झाडाला पळता येत नाही, हात उगारता येत नाही. जो येईल तो त्याला कुरतडून जातो. म्हणून ते एका जागी उभं राहून, कुणाला न सांगता, आपल्या बीत, सालीत, फळाच्या गरात असं काहीतरी साठवत जातं. सीताफळानं बियांत साठवलं, रिठ्यानं सालीत. कुणासाठी म्हणून नव्हे, आपलं आपल्यासाठी. आणि त्यातला काचेला चिकटलेला, डोळ्यांना न दिसणारा थर बारा प्रयोग खाऊन गेला. इतक्या थोड्यात इतकी ताकद असते, हे तिनं तीन वर्षं आकड्यांत लिहिलं होतं. आज तिला ते पहिल्यांदा खरं वाटलं.

"म्हणजे मीच," तुळसाबाई म्हणाली. "तुह्या तीन महिन्याचं वाटोळं मीच केलं."

"तुम्ही नाही, मावशी. काय लावू नका ते मी सांगितलं, काय लावा ते सांगितलंच नाही."

तुळसाबाईनं रिठ्याच्या डब्याला झाकण लावलं. मग म्हणाली, "पण मंग बिघडलं काय वं? मेल्या त मेल्या. मरायलेच पाहिजेत ना त्या?"

"या नाही मरायला पाहिजेत." दीक्षानं कागदी कप पुढं सरकवला. "यायले काहीच दिलं नाही आपण. या जगल्या तरच दवाई खरी. या मेल्या तर कोणी विचारीन, बाकीच्या दवाईनंच मेल्या कशावरून?"

"म्हणजे यायचं जगणं कामाचं आहे."

"हो."

तुळसाबाई कपाकडे पाहू लागली. दोन वर्षांत प्रथमच ती इतक्या जवळ आली होती. दीक्षानं ड्रॉपरनं एक अळी काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि स्टूल सोडून उठली. तुळसाबाईच आपण होऊन बसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा लावला.

अळीचं अंग काचेसारखं आरपार असतं. खाल्लेलं आतड्यातून सरकताना दिसतं. दोन्ही बाजूंनी हवेच्या चंदेरी नळ्या शेपटीपर्यंत गेलेल्या असतात. आणि पाठीच्या मधोमध एक बारीक नळी सारखी आकसते, फुलते, आकसते.

"हे काय धडधडून राहिलं मधात?"

"हृदय आहे ते, मावशी."

"याले?"

तुळसाबाईनं डोळा काढला नाही. खाली रस्त्यावर दसऱ्यासाठी आपट्याची पानं आणि झेंडूची फुलं घेऊन बसलेल्या बायांचा गलका चालला होता.

"माह्या प्रशिकले नेणारा एवढा नाजूक होता?" ती अखेर म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. काही मोठं, न पेलणारं समोर आल्यावर माणूस जसं बोलतो, तसं ती बोलली, आणि दीक्षाला तिच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी तुळसाबाईनं सगळे बीकर नुसत्या कढत पाण्यानं तीन-तीनदा धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दीक्षानं नवा प्रयोग लावला. चोवीस तास भरणार होते ते नेमके दसऱ्याला. कॉलेजला सुट्टी, चौकीदाराकडून किल्ली घेऊन दीक्षा आली, तर तुळसाबाई जिन्यात आधीच उभी. पांढरीशुभ्र साडी, केस नीट विंचरलेले. घरचे सगळे दीक्षाभूमीवर निघाले होते.

"मी मांगून येतो म्हणलं त्यायले. हे पायल्याबिगर जीव लागत नाही."

अर्काच्या बीकरांत दीक्षाला हवं तेच दिसत होतं. पण तिकडं आत्ता कुणाचंच लक्ष नव्हतं. तिनं साध्या पाण्याचा बीकर पुढं ओढला, ड्रॉपर उचलला, आणि पहिली अळी घेण्याआधीच पुन्हा खाली ठेवला.

"मी मोजू?" तुळसाबाईनं विचारलं.

मोजायची रीत सोपी आहे. एकेक अळी ड्रॉपरनं उचलायची आणि पांढऱ्या वाटीत सोडायची. तुळसाबाई प्रत्येक अळीला मोठ्यानं आकडा देत होती. दहा झाल्या. सतरा झाल्या. चोवीस झाल्या, आणि एक तळाशी आडवी पडून राहिली. दीक्षानं सुई लावली. अळी अशी उसळली, की सुईवरून उडून थेट वर आली.

"पंचवीस!" तुळसाबाईनं टाळी वाजवली. "पुऱ्या पंचवीस! सगळ्या जित्त्या हायेत वं बाई, सगळ्या!"

दीक्षानं तिला मिठी मारली. तिचे स्वतःचे डोळे भरून आले होते. वाचलो, एवढंच तिच्या मनात होतं. पण मिठीतलं अंग एकाएकी सैल पडल्याचं तिला जाणवलं. तुळसाबाई तिच्या खांद्यावरून वाटीकडे पाहत होती.

"प्रशिक दवाखान्यात होता तवा रोज सकाळी त्याच्या प्लेटलेट मोजत," ती म्हणाली. "कागद हातात आला की मी आधी आकडाच पाहू. रोज कमीच भरे. एक दिवस बी पुरा नाही भरला."

दीक्षानं आल्याबरोबर लावलेल्या विजेच्या किटलीतलं पाणी उकळून खट्‌कन आवाज झाला. तिनं सवयीनं किटली उचलली.

"आता यायचं काय करतं?"

"गरम पाणी टाकतो, मावशी. बाहेर सोडता येत नाही ना."

"मालूम आहे मले." तुळसाबाईनं मान हलवली. वाटीत पंचवीस अळ्या तळाशी जात होत्या, वर येत होत्या. खालून दीक्षाभूमीकडे निघालेल्या लोकांच्या घोषणा ऐकू येत होत्या. ती स्टुलावर बसली आणि तिनं वाटी आपल्याकडे ओढली.

"आणखी एकडाव मोजू का?"

दीक्षानं किटली खाली ठेवली, आणि रिकामा बीकर तिच्यापुढं सरकवला.

"मोजा," ती म्हणाली.