अभिमानाची मोजपट्टी

१९८४ साली महादेवप्पा नावाचे तरुण संशोधक सीमाभागातल्या आमच्या चिंताकी गावच्या शाळेत आले. नववीच्या पोरांना आपापल्या समाजाचा किती अभिमान वाटतो, हे ते मोजणार होते. मोजपट्टी परदेशात तयार झालेली, अकरा देशांत चाललेली. आता आमचा औराद तालुका हा बारावा देश. दहा वाक्यं, प्रत्येकाला एक ते पाच गुण. कागद मराठीत होता, सूचना त्यांनी कन्नडमध्ये दिल्या आणि पोरांनी शंका दखनी उर्दूत विचारल्या. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही.

महादेवप्पा प्रामाणिक माणूस. बेरीज तिथंच करून त्यांनी निकाल सांगितला : लिंगायत मुलांचा अभिमान उत्तम, बौद्ध मुलांचा काळजी करण्यासारखा. सर्वांत कमी, तेरा गुणांचा कागद कुणाचा, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. पिराजीची विशाखा आपण होऊन उभी राहिली.

"तो माझा हाय, सर. असा विद्यापीठात जाऊ देणार न्हाई मी."

वाक्यं होती ती अशी : पूर्वापार चालीरीती मी पाळतो, पूर्वजांचे देव मला प्रिय आहेत. तिनं खरं तेच लिहिलं होतं.

"आमच्या आज्यानं देव ओढ्यात सोडले. पूर्वापारचं टाकलं, ह्येचाच आमाला अभिमान. तुमचा कागद इचारायलाय, टाकलेलं किती जपलाव?"

महादेवप्पांनी तिच्या शेजारच्या लिंगायत शिवगंगाकडं बोट केलं. तिला पन्नासपैकी पन्नास होते.

"हिच्या लोकांनीबी जुनं टाकलंच की, सर. आठशे वर्षं झाली म्हणून त्येचं पूर्वापार झालं. आमाला अठ्ठावीसच झालीत. थांबता का?"

शिवगंगानं जरा विचार केला आणि मग आपलेही गुण कमी करा म्हणाली.

महादेवप्पांची अडचण झाली. मोजपट्टीतला एक शब्द जरी बदलला तरी अकरा देशांशी तुलना बाद, असं त्यांच्या गुरुजींनी बजावलं होतं. विशाखा म्हणाली, शब्द राहू द्या, गुणबी राहू द्या, फकस्त खाली खरं काय ते लिहा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग तेराच्या खाली लिहिलं : 'या मुलीचा अभिमान भरपूर आहे. मोजपट्टी आखूड पडली.'

तिनं ते वाचलं आणि सही करा म्हणाली. त्यांनी केली. तारीख राहिली होती, तीही तिनं घालून घेतली.