तीन दुपारांची शांतता

"बाई, इंजिन बंद म्हंजे हजेरी बंद. पाटीवर नाव लिवायच्या आंदी जिनातल्या बायाईले एकदा पुसजो," असं नानीबाईनं सांगितलं, तेव्हा कुमुदचं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतंच. ते होतं नानीबाईच्या खोकल्याकडे.

मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरून नानीबाई दर हंगामाला जऊळक्याला यायची. तिथल्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, ती कामाला असे. मुक्काम जिनामागच्या झोपडीत. सकाळी सातचा भोंगा व्हायच्या आत ती स्टेशनच्या क्वार्टरमध्ये येऊन कुमुदच्या सहा महिन्यांच्या मुलीला तेल लावून जाई. हात असा, की रडून लालबुंद झालेलं लेकरू तिच्या पायांवर पालथं पडलं की गप्प. पण मधूनच ती तोंड फिरवून खोकायची. रुईच्या धुळीचा खोकला आहे, वीस वर्षांचा आहे, असं ती हसून सांगे. कुमुद अमरावतीच्या कॉलेजात शिकलेली. डांग्या खोकल्यावरची सरकारी पुस्तिका तिनं इतकी वाचली होती की तिची पानं सुटी झाली होती. ती मनातल्या मनात खोकले मोजत राहिली. "हो, हो, विचारते," म्हणाली, आणि विसरून गेली.

तिच्या डोक्यात त्या दिवसांत एकच गोष्ट होती, ती म्हणजे बैठक. बाजारात गादी-रजईचं दुकान चालवणारे गुलाम नबी दुपारी दुकानाच्या मागच्या बाजूला सारंगी वाजवतात, हे तिला लग्न होऊन आल्यावर वर्षभरानं कळलं. पलीकडे निजामाच्या हद्दीत जहागिरी होत्या तोवर त्यांना बैठकांची बोलावणी असत. जहागिरी गेल्या, बोलावणी गेली. सहा वर्षं झाली, माणसांसमोर त्यांचा गज तारेवर फिरला नव्हता.

"अजून दोन हिवाळे बोटं माझं ऐकतील, बेटी," ते एकदा म्हणाले होते. "मंग फक्त सुई-दोरा."

ते वाक्य कुमुदच्या उरात रुतलं. पंचावन्न सालच्या जानेवारीत तीन दुपार सारंगीची आणि गाण्याची बैठक करायची, असं तिनं ठरवलं. दुपारच, कारण अकोल्याचा गवई आणि तबलजी दुपारच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाऊ शकत होते. मग मुलीला कडेवर घेऊन ती दारोदार फिरली. गवळीवाड्यातल्या लालसिंगानं दूध कबूल केलं. स्टेशनाबाहेर चहा विकणाऱ्या मेहरबीनं चहाची जबाबदारी घेतली, वर "साखर तुमी बघा, तुमचे लोक लई गोड पितात" असा टोमणाही दिला. इंझोरीहून कुणी तुरीची डाळ धाडली. गुलाम नबींनी स्वतः वाजवायचं आणि वर गाद्याही द्यायच्या, असं आपल्या अंगावर घेतलं.

जागा मिळाली ती जिनाच्या गोदामाची. तिथं रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या. एवढी मोठी खोली असून आवाज घुमत नव्हता, सारंगीचा बारीकातला बारीक सूर कानाशी यायचा. अडचण एकच. भिंतीपलीकडे जिनाचं इंजिन दिवसभर धडधडे. कुमुदनं जिनाच्या मालकांना, शेठजींना, गळ घातली, आणि शेठजींनी एका झटक्यात मोकळं केलं. "तीन दिवस बारानंतर इंजिन बंद. मग तर झालं, वहिनी?"

कुमुद अक्षरशः उडत घरी आली. तिचे यजमान स्टेशनमास्तर. त्यांनी डब्यातला थोडा पांढरा रंग दिला आणि म्हणाले, "रेल्वेचा आहे. फलाटाची कड अर्धी राहिली तर साहेबाला तू उत्तर दे." त्या रंगानं तिनं गोदामाच्या दाराशी देणगीदारांची पाटी रंगवली. सगळ्यात वर, सगळ्यात ठसठशीत: गोदाम आणि शांतता, शेठजी यांजकडून.

बैठकीला दोन दिवस उरले होते. दुपारच्या सुट्टीत बाया पाटीपुढे जमल्या. नानीबाईची सून धनीबाई पोराला पाजत उभी होती. कुमुद तिथंच होती, गुलाम नबी गाद्या उतरवून घेत होते.

"काय लिवलं व बाई थे वरती?"

कुमुदनं हौसेनं वाचून दाखवलं.

"शांतता म्हंजे?"

"म्हणजे इंजिन बंद. शेठजींनी तीन दुपार दिल्या."

"अन् आमची हजेरी?"

कुमुदला समजेना. धनीबाईनं पोराला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "इंजिन फिरते तंवर हजेरी. इंजिन थांबलं का मुकादम वही मिटवते. तीन दुपारची अर्धी-अर्धी रोजी कोणाची गेली? शेठची?"

मागून कुणीतरी हसलं. "शेठनं आमचा घास दिला, अन् पाटीवर नाव सोताचं!"

कुमुदला आता आठवलं. नानीबाईनं हेच सांगितलं होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात गुलाम नबींनी हातातली गादी खाली ठेवली.

"बेटी, मग मी नाही वाजवणार."

"चाचा, दोन दिवसांवर आलंय सगळं!"

"असू दे. सहा वर्षं थांबलो. या पोरींच्या भाकरीवर गज नाही फिरत माझा." आणि ते उन्हातून दुकानाकडे चालू लागले, सावकाश, बोटं एकमेकांत चोळत.

कुमुद तशीच शेठजींकडे गेली. ते रागावले नाहीत, पण हललेही नाहीत. "वहिनी, गोदाम माझं, ते मी दिलं. हजेरी इंजिनाची असते. हा सगळ्याच जिनांचा रिवाज आहे, माझ्या एकट्याचा नव्हे."

परत येताना तिची पावलं क्वार्टरकडे न वळता जिनामागच्या झोपड्यांकडे वळली. आजवर ती तिथं गेली नव्हती. धूळ, धूर, शेंबडी नाकं. नानीबाई चुलीपुढे बसली होती.

"नानीबाई, चुकलं माझं. तू सांगितलं होतंस."

"मी सांगून राह्यली होती, अन् तू माया खोकला मोजून राह्यली होती," नानीबाई शांतपणे म्हणाली. "मले काय दिसत नाई?"

कुमुदनं पदरानं डोळे टिपले. नानीबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"रडू नको. कायले रडतं? भोंगा आंदी वाजवाले सांग. सातच्या जागी चार वाजता. बारा वाजेलोक आठ घंटे भरते, हजेरी पुरी. मंग वाजवा म्हणा तुमची सारंगी."

"एवढं सोपं? मग अडतं कुठं?" कुमुदनं विचारलं.

"लेकराईपाशी अडते," धनीबाई दारातून म्हणाली. "दिवसा ऊन ऱ्हायते, आंगणात निजवतो. चार वाजता थंडी कशी ऱ्हायते, ठाव हाय? जिनात नेलं तं धूळ, झोपडीत ठेवलं तं पाहाले कोण? अकरा लेकरं हायेत."

अकरा. कुमुदच्या डोळ्यांपुढे पुस्तिकेची सगळी पानं फडफडली. गावात या बायांना जवळचं, बंद दाराचं, शेगडी असलेलं घर एकच होतं.

"माझ्याकडे आणा."

धनीबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू? त्या दिशी माया पोरानं तुया पदराले हात लावला, तं तू दोन पावलं सरकली होती."

"सरकले होते," कुमुद म्हणाली. "आता नाही सरकणार."

भोंगा लवकर वाजवायला शेठजींची हरकत नव्हती. तेल तेवढंच जळणार होतं. बैठकीच्या पहिल्या दिवशी पहाटे पावणेचारला क्वार्टरचं दार वाजलं. गोधड्यांत गुंडाळलेली गाठोडी एकामागून एक आत आली. यजमान कंदील धरून उभे होते. "पार्सल खातं उघडलंय माझ्या बायकोनं," ते बायांना म्हणाले, आणि त्या थंडीतही बाया खळखळून हसल्या. कुमुदनं आपली मुलगी मधोमध निजवली. दोन पोरं खोकत होती. एकेकाच्या छातीला कान लावून ती दिवस उजाडेपर्यंत बसली. हळूहळू तिला दोन खोकल्यांतला फरक कळू लागला. हा सर्दीचा, हा धुळीचा. डांग्या कुठलाच नव्हता.

सूर्य वर आल्यावर तिनं यजमानांना घटकाभर पोरांपाशी बसवलं आणि ती गोदामाकडे गेली. दुसरं काही करायच्या आधी तिनं पाटीवरून ओला फडका फिरवला. रंग वाळला होता, निघेना. मग तिनं "आणि शांतता" एवढेच शब्द खड्यानं खरवडले. "गोदाम" आणि शेठजींचं नाव तसंच राहू दिलं. त्याखाली लिहिलं: शांतता, जिनातल्या बावीस बायांकडून. पुढे बाविसांची नावं, विचारून विचारून.

ते लिहिताना पाठीमागं कुणीतरी उभं असल्याचं तिला जाणवलं. चारचा भोंगा कशासाठी वाजला ते कळून आलेले गुलाम नबी अक्षर न् अक्षर वाचत होते. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, "सारंगीच्या तारा बदलाव्या लागतील. बारापर्यंत होईल."

बाराला इंजिन थांबलं. रोजची धडधड गेली तशी चिमण्यांचा आवाज ऐकू आला, आणि साऱ्या गावानं एकदम मान वर केल्यासारखं झालं. बाया केसांत रुई तशीच घेऊन गोदामात पुढच्या गादीवर येऊन बसल्या. गुलाम नबींनी भीमपलास लावला. पहिल्या सुराला नखाखालची तार निसटली. कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा सूर बसला, तो असा, की धनीबाईचं पोर दूध सोडून त्या आवाजाकडे बघू लागलं.

नानीबाई दाराशी बसली होती. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती खोकला दाबत होती, खांदे हलत होते. कुमुद उठून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सारंगीवरून नजर न काढता नानीबाई पुटपुटली, "आता मोजत नाई का?"

पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत बैठक झाली. नंतर यजमानांची बदली झाली आणि कुमुद लांब गेली. नानीबाईला वाचता येत नाही, म्हणून तिला पत्र धाडून उपयोग नाही, आणि हंगाम सोडला तर ती एका जागी सापडतही नाही. म्हणून वाचकहो, त्या लाईनवरून जाणं झालं तर जऊळक्याला जरा उतरा. थंडीचे दिवस असले तर जिनामागच्या झोपड्यांपर्यंत चालत जा. मानोऱ्याकडची नानीबाई यंदा आली का, तेवढं विचारा. आली असेल तर दोन घटका तिच्याजवळ बसा, आणि तिचा खोकला कसा आहे ते ऐकून या.