दोघांचा एक कोयता

“गुडघे दोन, अन् दुखायचं म्हणलं की एकमत,” दगडाबाई पुटपुटली. “ह्यांच्यात भांडण कावून लागत न्हाई कवा, काय की.”

तिच्या गुडघ्यावर तेल चोळणारी शिवकन्या, तिची सून, मान खाली घालूनच म्हणाली, “मग ती गुडघ्यांची भावकी झाली, आत्या.”

“भावकीचं कवा एकमत झालंय गं?”

“मग युती म्हणू.”

“ती तरी कुठं टिकती?”

दोघी हसल्या. घरात दोनच माणसं असली की हसूही लवकर संपतं. ते संपल्यावर शिवकन्येनं तेलाच्या बाटलीचं झाकण उगाच दोनदा फिरवलं आणि शाळेची वाट धरली.

कडा गावापासून कोसभरावरच्या या खेड्यात ती शाळेतली खिचडी शिजवायची. पातेल्याजवळच्या खिडकीतून चौथीचा वर्ग ऐकू यायचा. तिथंच तिला हे खूळ लागलं होतं. केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, गुरांचा कळप. पोरं एका सुरात म्हणायची आणि ही पळी फिरवता फिरवता विचार करायची की पुस्तकवाल्याला केळी दिसली, किल्ल्या दिसल्या, पण तलाठी कसा दिसला नाही? त्यांनाही काही म्हणायला नको का, चार एका ठिकाणी जमले तर? म्हणून तिनं स्वतःच नावं पाडायला घेतली. तलाठ्यांचा ‘उद्या’. वकिलांची तारीख. गवंड्यांचं ‘झालंच’. बंदोबस्ताच्या पोलिसांची डुलकी. पुढाऱ्यांसाठी दोन होती, समोर असले तर हार आणि पाठ फिरवली की खुर्ची. संध्याकाळी भाकरी थापताना ती एकेक नाव सासूला ऐकवायची. दगडाबाई एखादं पास करायची, एखादं “हे न्हाई जमलं” म्हणून परत पाठवायची. एवढं एक बोलणं दोघींमध्ये उरलं होतं, कारण दुसऱ्या बोलण्याला दोघींनी मिळून कडी लावली होती.

दुसरं बोलणं म्हणजे अंगद. दगडाबाईचा लेक, शिवकन्येचा नवरा. चार हिवाळ्यांमागं दोघं ऊसतोडीला गेले होते, तेव्हा तो “गाडीचं टायर बघून येतो” म्हणून फडातून गेला तो आलाच नाही. उरलेला हंगाम शिवकन्येनं एकटीनं मोळ्या बांधल्या आणि गाडीत एका माणसाची जागा मोकळी ठेवून ती परत आली. “गेला असंल कुठं कामाला, यील,” दगडाबाईनं गावाला सांगितलं. गावानं मान डोलावली. तेव्हापासून शिवकन्या तोडीला गेली नव्हती. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? हे सासूचं म्हणणं होतं, आणि सुनेनं ते आपलं करून घेतलं होतं.

गेल्या गुढीपाडव्याला ऊसतोडीची टोळी गावात परतली, तेव्हा तिनं पारावर उतरणाऱ्या बायांना विचारलं होतं, “कुठं दिसले का?” एकीला पदर सावरायचा होता, एकीला लेकराचं नाक पुसायचं होतं, एकीला बोचक्याची गाठ सोडायची होती. सगळ्या म्हणाल्या, “काय न्हाई.” एवढ्या जणींचं ‘काय न्हाई’ एकदम ऐकून तिच्या मनात लगेच नाव तयार झालं, तोडकऱ्यांचं ‘काय न्हाई’. हे एकच नाव तिनं सासूला ऐकवलं नाही.

आज खिचडी उतरवून ती पळी हातात घेऊन वर्गाच्या दाराशी थांबली होती. अभिमन्यू सर नागपूरकडचे, जूनमध्येच या शाळेवर आलेले. फळ्याकडं बोट करून त्यांनी विचारलं, “ऊसतोड कामगारांची?”

त्यांना ‘टोळी’ हवं होतं. पण पहिल्या ओळीतली संस्कृती म्हणाली, “कोयता, सर.”

“कोयता हे हत्यार आहे, बाळा.”

“हत्यार बी हाय. पण नवरा-बायको मिळून बी एक कोयता असतो. आमच्या घरचा एक, काकाचा एक. लई कोयते झाले की मग टोळी.”

सरांना मजा वाटली. त्यांनी ‘दोघांचा एक कोयता’ असं फळ्यावर लिहिलं आणि सहज विचारलं, “आणि एकटंच माणूस असेल तर?”

वर्गातल्या एकूणएक लेकराला उत्तर ठाऊक होतं. पाढे येण्याआधी त्यांना हे येतं. संस्कृतीनं तोंड उघडलं, दाराकडं बघितलं, पळी बघितली, आणि एकदम वहीत डोकं घातलं. बाकीच्यांनीही आपापल्या वहीत डोकी घातली. मग मागून एक बारीक आवाज आला, “सर, भूक लागली.” लगेच सगळ्यांनाच भूक लागली.

शिवकन्येनं प्रत्येकाला एक पळी जास्त वाढली. तलाठ्यांना तिच्याकडं शब्द होता, पोलिसांना होता. एका माणसासाठी मिळून गप्प बसणाऱ्या लेकरांना काय म्हणतात, ते तिला घरी पोचेपर्यंत सापडलं नाही. आणि दिवाळीनंतर ही लेकरं तरी कुठं असणार होती? निम्मी आईबापांसंगं जाणार. गल्लीत कुलपंच कुलपं, आणि दारात ह्या दोघी. गेल्या हिवाळ्यात तर ती कुत्र्याशी बोलायला लागली होती, आणि कुत्रंही कंटाळलं होतं.

दिवस कलताना रामहरी मुकादम आला. ओट्यावर बसून त्यानं यादीची वही उघडली. सगळी नावं पेनानं लिहिलेली, एकच पेन्सिलनं होतं. अंगद–शिवकन्या, कोयता एक. दरवर्षी तो असंच लिहायचा आणि दरवर्षी खोडायचा.

“वहिनी, भाऊबीज झाली की गाडी हाय. ह्या टायमाला नक्की सांगा,” तो म्हणाला. “दिंद्रुडकडची एक बाई यायलीय, सत्यशीला. हाताला लई चलाख. तिला जोडीदारीण पाहिजे. तिचं बी… म्हणजे, तिचं बी तसंच हाय.”

“कसंच?”

“तसंच म्हणजे…” रामहरी खाकरला. “घरगुती.”

शिवकन्येला हसू आलं, मुकादमांची खाकर. जावं वाटत होतं तिला. माणसांत बसून भाकर खावी, कुणाच्या तरी बरोबरीनं मोळी उचलावी. आणि जायचं तर वहीत एकटीचं नाव, तेही पेनानं, आणि त्याच्यापुढं लेकरांनी गिळलेला तो शब्द.

“ते आल्यावर बघू,” ती दरवर्षीसारखं म्हणाली.

“बराय मग,” म्हणत रामहरीनं पेन्सिलच्या मागचं रबर कागदाला टेकवलं.

दाराची चौकट धरून दगडाबाई बाहेर आली. गुडघ्यांनी आपला ठराव मांडला, तिनं तो ऐकला नाही.

“रामहरी, पेन हाय का जवळ?”

“हाय की, मावशी.”

“मग ती पेन्सिल खिशात घाल. लिही, शिवकन्या. अर्धा कोयता.”

रामहरीनं पेन काढलं, पण टोपण उघडलं नाही. शिवकन्या सासूकडं वळली.

“आत्या, ते आले अन् दाराला कुलूप दिसलं तर?”

“कुलूप कावून दिसंल? मी हाय की घरी.” दगडाबाई चौकटीवरून हात न काढता खाली बघत म्हणाली, “गेल्या साली समद्या टोळीनं बघितला त्याला, फडात. ह्या रामहरीनं बी बघितला. मला पाडव्यालाच कळलं.”

“मावशी, जाऊ द्या ना,” रामहरी म्हणाला.

“चार वर्सं जाऊच दिलं.” ती सुनेकडं वळली. “तो यायचा न्हाई, शिवे. माझ्या लेकाचा कोयता कवाच पुरा झालाय. दुसऱ्या बाईसंगं.”