पांढऱ्या पोटाची पळी

मित्रांनो, मी एक जुनी पळी आहे. पण माझ्यातून कधी कुणी आमटी वाढली नाही. मी आयुष्यभर फक्त साचलेले पाणी उचलले. विहिरीतले, टाकीतले, पिंपातले, रस्त्याकडेच्या टायरमधले. पाणी उचलायचे, उजेडात धरायचे आणि त्यात डासांच्या अळ्या आहेत का ते माणसांना दाखवायचे, एवढेच माझे काम. सरकारी कागदावर माझे नाव ‘डिपर’ असे आहे. पळी हे नाव मला भगवानदादांनी दिले, घरोघरी डास शोधत फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने.

माझा जन्म एनॅमलची भांडी करणाऱ्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबरच्या ताटल्यांना निळी किनार मिळाली, वाडग्यांवर फुले उमटली. मी मात्र आतबाहेर पांढरीच राहिले आणि पाठीला हा लांब दांडा जोडला गेला. तेव्हा मला वाईट वाटले होते. पुढे कळले, की बारीक काळी अळी पांढऱ्यावरच दिसते. माझ्या पोटात फूल असते, तर मी या कामाची नसते.

तिथून मी डोंबिवलीत, हिवतापाविरुद्ध काम करणाऱ्यांच्या स्टोअरमध्ये आले. शेजारी खुंटीला एक पितळी फवारणी पंप टांगलेला असे. तो माझ्याहून कितीतरी म्हातारा. खाडीकाठच्या गावांत आणि मिठागरांवर घरटी माणूस थंडीतापाने कुडकुडत पडायचा, ते दिवस त्याने पाहिले होते. माणसे तो पंप पाठीला लावून चिखल तुडवत जायची, घराच्या भिंती फवारायची आणि दाराशेजारी तारीख लिहून पुढच्या घरी जायची. कुणी बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, कुणी कडू गोळ्या समोर उभे राहून गिळायला लावायचे. “ताप इतका कमी झाला,” तो सांगे, “की लोक त्याला विसरले. आणि विसरले म्हणून तो परत आला.” म्हाताऱ्याचे हे बोलणे मी कधी विसरले नाही.

माझ्या वाट्याला आले ते वाढते शहर. चाळींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या टाक्या गच्चीवर गेल्या. आता डास नुसता खाडीकाठी नव्हता. अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा, घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा डास आला आणि त्याच्याबरोबर डेंग्यू आला. भगवानदादा मला खांद्यावर टाकून जिने चढत. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, गच्चीतला पक्ष्यांचा वाडगा, सगळीकडे त्यांची नजर फिरे. विहिरीत सोडायला गप्पी मासे नेत, तेव्हा डबा हिंदकळू नये म्हणून ते इतके हळू चालत, की वाटेतली पोरे मुद्दाम त्यांच्यासारखी चालून दाखवत.

एकदा गच्चीच्या शिडीवरून मी खाली पडले. पोटात तिळाएवढा टवका उडाला आणि तिथे कायमचा काळा ठिपका राहिला. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या रचनाताई तो बघून म्हणाल्या, “दादा, ही अळी हलत नाहीये.”

“ती पर्मनंट स्टाफ आहे,” भगवानदादा म्हणाले. “आपल्या आधी लागलीय.”

तेव्हापासून मला उजेडात धरले, की ते म्हणायचे, “पर्मनंट सोडून बाकी कोण हलतंय?”

मित्रांनो, ज्या दिवसाचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे, तो आता सांगते.

डोंबिवलीतल्या कोपरच्या एका इमारतीत डेंग्यू शिरला होता. तिथल्या शेवंतीआजींचा नातू प्रीतम दवाखान्यात होता, त्याच्या प्लेटलेट्स उतरत होत्या. शेजारच्या घरात आणखी दोघे तापाने पडले होते. प्रीतमची धाकटी बहीण ऋतिका आजींपाशी घरीच होती आणि आजी तिला पदराआड घेऊन बसल्या होत्या. भगवानदादांनी टाक्या पाहिल्या, फ्रिज ओढून पाहिले, कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या. काही सापडले नाही. दुसऱ्या दिवशी ते परत आले.

“अहो दादा, कालच बघून गेलात ना,” सोसायटीचे सेक्रेटरी साईनाथ म्हणाले. “आमच्यात नाहीये काही. तो बाजूच्या बिल्डिंगचा डास असणार.”

“हा डास लांब जात नाही, साहेब. एका इमारतीत एवढे आजारी, म्हणजे तो इथलाच मेंबर आहे. मेंटेनन्स तेवढा देत नाही.”

साईनाथ हसले, पण भगवानदादांचे लक्ष पंपाच्या खोलीमागे होते. तिथे एक मोठे निळे पिंप होते. त्यावर लाल कापड अंथरलेले आणि वर वाळलेली जास्वंदीची फुले.

“ह्यात काय आहे?”

“बाप्पाचं पाणी आहे ते. शाडूच्या मूर्ती आहेत आमच्या, सगळ्यांनी इथेच विसर्जन केलं. माती विरघळली की कुंड्यांना घालायची ठरलेलं. मग कुणाचा हात होईना. त्यात पळी नका घालू हां.”

वरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणाले, “आणि ह्यांनी तर नाहीच.”

भगवानदादांच्या घरी बुद्धवंदना होते, हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या दांड्यावरची त्यांची बोटे घट्ट आवळली. एवढी वर्षे त्या हातात राहून मला ती पकड ओळखता येत होती. ते वर पाहतील, काहीतरी बोलतील, असे मला वाटले. त्यांनी कापडाच्या एका कडेकडे पाहिले. कापड तिथून सरकले होते आणि फटीतून एक डास बाहेर येत होता.

ते नळापाशी गेले. मला स्वच्छ धुतले आणि बोलणे ऐकून ऋतिकाला घेऊन खाली आलेल्या आजींपुढे धरले.

“आजी, मी नाही घालत. तुम्ही घाला.”

आजींनी ऋतिकाला बाजूला उभे केले. पिंपाला नमस्कार केला, कापड दूर केले. गाळ खाली बसला होता आणि वरचे पाणी काचेसारखे नितळ होते. आजींनी मला बुडवून वर काढले.

माझ्या पांढऱ्या पोटात काळ्या अळ्या वळवळत होत्या.

“अगं बाई!” आजी म्हणाल्या. “हे माझ्या दारात? आणि मी पोरासाठी नवस बोलतेय!”

“पण आजी, गटारात नाही ओतायचं हं हे,” साईनाथ घाईने म्हणाले.

“गटारात कोण म्हणतंय?” भगवानदादा शांतपणे म्हणाले. “झाडाखालच्या कोरड्या मातीत ओता. पाणी जिरलं की अळी जगत नाही. आणि बाप्पाची माती मातीत गेली, म्हणजे विसर्जनच झालं की.”

आजींनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “म्हणजे आम्हीच त्याला अर्ध्यात अडकवून ठेवलं होतं म्हणा. चल रे साईनाथ, धर पिंप. मोरया म्हण आणि उचल.”

पाणी कुंपणाजवळच्या जांभळाखाली हळूहळू ओतले गेले आणि मातीने ते पिऊन टाकले. डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, म्हणून पिंप आतून घासायचे होते. आजींनी मला भगवानदादांच्या हातात परत दिले आणि वरच्या गॅलरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “दादा, माझ्या डोळ्यांना तळ दिसत नाही. आता तुम्ही बघा. नीट हात घालून बघा.”

इमारतीत धुराची फवारणी झाली. हळूहळू नवे आजारी येईनासे झाले. प्रीतम घरी आला, वाळून काडी झालेला, पण स्वतःच्या पायांनी जिना चढून. पुढच्या वर्षी गणपतीत आजींचा फोन आला, “दादा, मोदक खायला या. आणि पळी आणा. आधी पळी, मग मोदक.”

नंतर प्लॅस्टिकच्या हलक्या पळ्या आल्या आणि मी भंगारात निघाले. भगवानदादा निवृत्त होत होते. त्यांनी मला मागून घेतले आणि ठाण्यात खोपटला, त्यांच्या मुलीच्या, सुमेधाच्या घरी नेले. तिथे मी माळ्यावर जुन्या सुटकेसमागे पडून राहिले. अंगावर धूळ बसली. मला त्याची खंत नाही. काम नसलेल्या पळीला घरात जागा मिळाली, हेच खूप.

गेल्या पावसाळ्यात भगवानदादा गेले. झोपेतच गेले.

शेवंतीआजी डोंबिवलीहून रिक्षा बदलत आल्या. बरोबर प्रीतम होता, आता मिसरूड फुटलेला. त्यांनी आणलेला निशिगंध सुमेधाने बाबांच्या फोटोपुढे एका ग्लासात पाणी घालून ठेवला. बाकीचे हार उतरले, तो ग्लास राहिला. फुले सुकली, दांडे पिवळे पडले, तरी तिला तो उचलवेना. रोज ती फोटो पुसायची आणि ग्लास तसाच ठेवायची.

मग एका दुपारी ती फोटोपुढे बसली असताना तिच्या पायाला डास चावला. पांढऱ्या पट्ट्यांचा. तिने ग्लासाकडे पाहिले. उठून तिने स्टूल घेतले, मला माळ्यावरून काढले, पदराने पुसले आणि गॅलरीतल्या उन्हात त्या ग्लासातले पाणी माझ्यात ओतले.

एक ठिपका माझा जुना होता. बाकीचे हलत होते.

सुमेधाने फोटोकडे पाहिले. “बाबा, पर्मनंट सोडून बाकी सगळे हलतायत हो. तुमच्याच पुढ्यात!” ती हसली, ते गेल्यापासून पहिल्यांदाच हसली. आणि हसता हसता रडली. मग तिने ते पाणी कुंडीतल्या कोरड्या मातीत ओतले आणि ग्लास आतून घासून उपडा ठेवला.

मी आता माळ्यावर नाही. गॅलरीत खिळ्याला आहे आणि दर रविवारी खाली उतरते. मित्रांनो, तुम्हीही आठवड्यातून एक दिवस घरातली भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. नकोसे पाणी कुणीही ओतून देतो. देवाचे, पक्ष्यांचे, गेलेल्या माणसाचे पाणी ओतवत नाही, कारण त्यात आपली माया असते. ते आधी बघा. मातीत ओता. त्याने माया कमी होत नाही. माझ्या माणसाने हे जन्मभर दारोदार सांगितले, आणि तुमच्यापैकी कितीतरी जण आज ठणठणीत आहेत, त्यात त्याचे ते सांगणे आहे.